फेनेक ट्रे सोडून गादीवर शू करतो: बंद होऊन पुन्हा सुरू होणाऱ्या तक्रारीचं निवारण

तक्रार बहुतेक घरांत एकाच क्रमाने येते. फेनेकचं, म्हणजे मोठ्या कानांच्या छोट्या वाळवंटी खोकडाचं, पिल्लू आणलं तेव्हा ते निमूटपणे शू-शीच्या ट्रेमध्ये जात होतं. आठ-नऊ महिन्यांचं झालं आणि एक दिवस गादीवर शू सापडली. चादर धुतली, ट्रे बदलला, आठवडा बरा गेला. मग पुन्हा तीच गादी, पुढच्या वेळी सोफ्याचा कोपरा, त्यानंतर लॅपटॉपची बॅग. दर वेळी काहीतरी केलं की थोडे दिवस थांबतं आणि परत सुरू होतं.

परत सुरू होतं कारण या तक्रारीमागे एकाच वेळी तीन-चार कारणं असतात आणि आपण दर खेपेला त्यातलं एकच दूर करतो. शिवाय बहुतेक जण 'याला शिस्त कशी लावायची' इथून सुरुवात करतात. ते काम शेवटी यायला हवं. आधी आजार नाही ना ते बघायचं, मग घरातला जुना वास मुळापासून काढायचा, मग ट्रे दुरुस्त करायचा आणि सवय त्यानंतर. हा क्रम मोडला की केलेली मेहनत पाण्यात जाते.

अपेक्षाही आधीच ठरवून घ्या. शी ट्रेमध्ये करायला बरेचसे फेनेक शिकतात. शूच्या बाबतीत तेवढी खात्री कुणीही देऊ नये. 'पूर्ण ट्रे-ट्रेन्ड' म्हणून विकणाऱ्याचं ऐकून घ्या आणि सोडून द्या. माणसांत वाढला तरी हा वन्य प्राणीच. लघवीने खुणा करणं हा त्याच्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. हाती येण्यासारखं उद्दिष्ट म्हणजे शू ठरलेल्या दोन-तीन जागी व्हावी आणि त्या जागा धुता येण्याजोग्या असाव्यात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. फेनेक सहारातला. दीड किलोच्या आतबाहेरचा हा प्राणी तिथे बराच काळ उघड्या पाण्याशिवाय काढतो. भक्ष्यातून आणि वनस्पतींतून मिळालेलं पाणी त्याची मूत्रपिंडं जपून वापरतात. त्यामुळे लघवी थोडी होते पण अतिशय घट्ट असते. कार्पेटवर नाण्याएवढा डाग पडला तरी तो त्याला महिनोन्‌महिने वासाने सापडतो.

आधी आजार वगळा

ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसणं, थेंब थेंब होणं, बसल्यावर ओरडणं, खालची जागा सतत चाटणं, डागात गुलाबी छटा दिसणं, एकाएकी पाणी जास्त पिणं: यातलं एक जरी दिसलं तरी पुढचं सगळं वाचणं थांबवून पशुवैद्याची वेळ घ्या. नर जोर लावतोय आणि लघवी येतच नाही, असं असेल तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग अडला असेल तर प्रश्न तासांचा असतो. रात्रीच्या इमर्जन्सी दवाखान्यांपैकी सगळेच फेनेक बघत नाहीत. कोण बघतं हे गरज पडण्याआधी फोन करून विचारून ठेवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.

लघवीचा नमुना घरी घेता येतो. संध्याकाळी तो उठायच्या आधी ट्रेमधली वाळू काढा, ट्रे साध्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा आणि तळाला धुतलेली मत्स्यालयातली गुळगुळीत खडी पातळ पसरा. लघवी खडीखाली साचते, ती सुई नसलेल्या सिरिंजने ओढून घ्यायची. एक-दोन मिलिलिटर मिळाली तरी साध्या तपासणीचं काम होतं. तासाभरात दवाखान्यात पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी द्या. जमिनीवर सांडलेली लघवी टिपून नेऊ नका, त्यात जमिनीवरचे जंतू मिसळलेले असतात. जंतूंची नेमकी तपासणी करायची असेल तर डॉक्टर सोनोग्राफीच्या मदतीने थेट मूत्राशयातून सुईने नमुना घेतात.

अहवाल बघताना एक मुद्दा डॉक्टरांशी बोलून घ्या. कुत्र्याच्या हिशेबाने 'जास्त घट्ट' वाटणारी लघवी फेनेकमध्ये नेहमीची असू शकते. उलट पाण्यासारखी फिकट लघवी सारखी होत असेल तर मूत्रपिंड आणि साखर दोन्ही तपासायला हवं. खड्याची शंका असेल तर एक्स-रेवर बरेच खडे दिसतात पण सगळ्या जातींचे दिसत नाहीत, म्हणून सोनोग्राफीही करून घ्यावी. शी पातळ होत असेल तर ताजी शीसुद्धा न्या. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी आणि जंत यांच्यामुळे पोट बिघडलं की ट्रेपर्यंत पोचायला वेळच उरत नाही.

फेनेकला जबरदस्तीने धरून पोट दाबून लघवी काढायच्या भानगडीत पडू नका. एक तर इजा होते, आणि तो चावतो. अमेरिकेत फेनेकसाठी परवाना असलेली रेबीजची लस नाही. डॉक्टर कुत्र्यांसाठीची, मृत विषाणूंपासून बनवलेली लस देतात, पण कायद्याच्या नजरेत तो लस न दिलेलाच राहतो. चाव्याची नोंद झाली तर आरोग्य विभाग त्याच्या तपासणीची मागणी करू शकतो, आणि रेबीजची तपासणी मेंदूवर होते. म्हणजे प्राणी जिवंत राहत नाही.

डाग काय सांगतो

तब्येत ठीक निघाली की डाग कुठे आणि कसा आहे ते बघा. आठ-दहा दिवस एका वहीत जागा, वेळ आणि डागाचा आकार एवढंच लिहा.

आडव्या जागेवर एक सलग डाग असेल आणि तो झोपेतून उठल्यावर किंवा खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात पडत असेल तर मूत्राशय रिकामं केलेलं आहे. त्याला ट्रे सापडला नाही, लांब पडला किंवा आवडला नाही. खुर्चीचा पाय, भिंतीचा कोपरा, दाराची चौकट यांवर जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत थेंबांचे शिंतोडे असतील तर ती खूण आहे. तुम्ही घरी आलात, त्याने कान पाडले, शेपूट हलवत चिरक्या आवाजात ओरडला आणि मागे ओली रेघ राहिली, तर ती आनंदाची किंवा दबून जाण्याची शू आहे. त्यावर ट्रेचा काही उपाय चालत नाही. आल्याबरोबर त्याच्याकडे बघू नका, वाकू नका, उचलू नका. पाच-दहा मिनिटं आपली कामं करा आणि मग टाइलच्या जमिनीवर बसून भेटा. यात रागावलं की नक्की वाढतं.

कधी कधी लघवी झालेलीच नसते आणि घरभर उग्र वास येतो. शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला काळसर राठ केसांचा ठिपका असतो, त्याखाली गंधग्रंथी असते. घाबरला की तिचा वास सुटतो आणि काही मिनिटांत विरतो. त्यासाठी गालिचा धुवायला काढू नका.

जुना वास: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

तक्रार परत येण्यामागे बऱ्याचदा हेच निघतं. आपल्या नाकाला स्वच्छ वाटलेली जागा त्याच्या नाकाला स्वच्छ नसते.

आधी सगळे डाग शोधा. रात्री दिवे बंद करून अतिनील टॉर्च जमिनीला टेकवून तिरकी फिरवा. ३६५ नॅनोमीटरची टॉर्च घेतली तर निळा-जांभळा उजेड कमी पडतो आणि डाग स्पष्ट दिसतात. ३९५ ची स्वस्त मिळते, चालते, पण नीट निरखावं लागतं. डागाभोवती खडूने गोल करा. डिटर्जंटचे उरलेले थरही चमकतात, म्हणून नाक लावून खात्री करा. फर्निचरचे पाय, सोफ्याच्या खालचं कापड, पलंगाच्या चौकटीची आतली बाजू आणि भिंतीला लागून असलेली लाकडी पट्टी विसरू नका.

साफ करायला एन्झाइम क्लीनर लागतो. तो न वापरता केलेल्या सफाईत लघवीतला युरिक आम्लाचा भाग तसाच राहतो आणि हवेत दमटपणा आला की पुन्हा वास देतो. पावसाळी दिवसांत तक्रार वाढली असं वाटतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. क्लीनर मात्र नीट वापरायला हवा. ओला डाग असेल तर आधी कागदी टॉवेल दाबून शक्य तेवढं टिपून घ्या. वाळलेला असेल तर कोमट पाण्याने ओला करा. मग क्लीनर ओता. फवारा मारून उपयोग नाही. कार्पेटखाली स्पंजाचा थर असतो, लघवी तिथे पोचून वरच्या डागापेक्षा बरीच जास्त पसरलेली असते. म्हणून दिसणाऱ्या डागाच्या चारी बाजूंना पाच-सात सेंटिमीटर बाहेरपर्यंत, खालचा थर भिजेल इतकं ओता. त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरा, कडांवर वजन ठेवा आणि बारा ते चोवीस तास ओलं राहू द्या. एन्झाइम कोरडे पडले की काम थांबतं, आणि बाटलीवर लिहिलेली दहा मिनिटं ताज्या डागापुरती असतात. नंतर कागद काढा, पंखा लावून दोन दिवस सुकवा. सुकताना वास थोडा वाढल्यासारखा वाटतो, घाबरू नका. पूर्ण सुकल्यावर टॉर्च फिरवा, गरज वाटली तर दुसरा हात द्या. दोन हात देऊनही वास राहिला तर कार्पेटचा तेवढा भाग उचलून खालचा स्पंज कापून टाकणं स्वस्त पडतं. रंगीत कापडावर आधी कोपऱ्यात वापरून बघा.

साबण, व्हिनेगर किंवा ब्लीच आधी वापरलं असेल तर ते साध्या पाण्याने पूर्ण काढून मगच एन्झाइम घाला, नाहीतर एन्झाइम मरतात. ब्लीच लघवीवर थेट ओतूच नका. लघवीतला अमोनिया आणि ब्लीच यांतून क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो आणि बंद खोलीत तो माणसालाही त्रास देतो. अमोनिया असलेला काचा पुसायचा द्रव जमिनीवर वापरला तर वासावरून त्याला ते आमंत्रणच वाटतं. वाफेची मशीनही या कामाला नको, उष्णतेने डाग धाग्यात पक्का बसतो.

आपल्याकडचे काही घरगुती उपाय इथे मुद्दाम सांगायला हवेत, कारण परदेशातल्या मराठी घरांतही ते डब्यात असतातच. डांबराच्या गोळ्या कोपऱ्यात ठेवू नका, त्या तोंडात गेल्या तर विष आहेत आणि त्यांची वाफही बरी नाही. कापूर आणि निलगिरीचं तेल यांचंही तेच. फिनाइलने पुसलेल्या जमिनीवरून चालून तो पंजे चाटतो. तिखट टाकून जागा 'बंद' करण्याचा प्रकार तर नुसता क्रूरपणा आहे, आणि त्याने तो शेजारची जागा धरतो.

ट्रे: जागा, माप, माल

मांजरांसाठी मिळणारा उथळ ट्रे फेनेकच्या कामाचा नाही. तो ट्रेमध्ये शिरतो, चार वेळा उकरतो आणि आत भरलेला अर्धा माल (वाळू, गोळ्या जे असेल ते) बाहेर जातो. साधारण ६० बाय ४० सेंटिमीटर तळाचा आणि ४० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा प्लास्टिकचा साठवणीचा डबा घ्या. लांब बाजूच्या एका टोकाला १८ ते २० सेंटिमीटर रुंदीचं दार कापा, उंबरा तळापासून १२ सेंटिमीटरवर ठेवा. कापलेली कड सँडपेपरने घासून गुळगुळीत करा आणि तिच्यावर चिरलेली पातळ रबरी नळी बसवा, म्हणजे पोट खरचटणार नाही. झाकण लावायचं नाही. आत अडकल्यासारखं वाटलं की तो ट्रे सोडतो.

मालात वाळू त्याला सगळ्यात पटते. खेळाची धुतलेली वाळू घ्या, बांधकामाची नको, तिच्यात धूळ फार असते. अमेरिकेत ती ५० पौंडांच्या, म्हणजे पावणेतेवीस किलोच्या पिशवीत मिळते. वरच्या मापाच्या डब्यात चार सेंटिमीटरचा थर द्यायला साधारण पंधरा किलो लागते. थर यापेक्षा जाड करू नका. दहा सेंटिमीटर वाळू दिली की त्याच्या लेखी ते बीळ होतं, शौचालय उरत नाही. पातळ थरात उकरताना नखं लगेच प्लास्टिकला लागतात आणि तो उकरणं सोडून कामाला लागतो. वाळू लघवी शोषत नाही, ती तळाशी जाते. म्हणून रोज ओला भाग तळापर्यंत खरवडून काढायचा आणि आठवड्याला सगळी वाळू बदलायची. नवीन वाळूत जुन्या, किंचित वासाच्या वाळूची मूठभर टाका. पूर्ण बिनवासाचा ट्रे त्याला ओळखीचा वाटत नाही.

वाळू नको असेल तर कागदाच्या किंवा भट्टीत वाळवलेल्या पाइनच्या गोळ्या चालतात. पाइनच्या गोळ्या ओल्या झाल्या की भुसा होतो, तो चाळून टाकायचा. गोळा होणारी मातीची मांजरांची लिटर टाळा. फेनेक ती जोरात उकरतो, धूळ नाकात जाते, आणि पंजाला चिकटलेली चाटल्यावर पोटात फुगते. देवदाराचा भुसा वासाला छान, पण त्यातली तेलं श्वासाला त्रासदायक असतात. पिल्लांचे शोषक पॅड तर उघडे ठेवूच नका. तो ते फाडतो आणि आतली फुगणारी पूड व कापूस गिळतो. आतड्यात अडकलं तर ऑपरेशन.

आता खणायच्या पेटीचा, म्हणजे त्याची उकरायची हौस भागवायला दिलेल्या पेटीचा प्रश्न. तिच्यातही वाळू आणि ट्रेमध्येही वाळू असेल तर त्याचा गोंधळ होणारच. दोन्ही पेट्या खोलीच्या विरुद्ध टोकांना ठेवा, खणायची पेटी खोल असू द्या, निदान तीस सेंटिमीटर, आणि तो शू करून आल्याशिवाय ती उघडू नका. तरीही त्याने खणायच्या पेटीतच शू करायला सुरुवात केली तर भांडू नका. तीच पेटी शौचालय म्हणून मान्य करा आणि खणायला फ्लीसच्या पट्ट्यांनी भरलेला दुसरा डबा द्या. या प्राण्याशी जागेवरून वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही.

जागेचंही तसंच. आपल्याला सोयीचा कोपरा त्याला मान्य नसतो. वहीत सर्वांत जास्त नोंदी जिथे आहेत तिथे ट्रे न्या, मग ती जागा बैठकीच्या मधोमध का असेना. दोन आठवडे तिथे नीट चाललं की रोज वीतभर सरकवत हव्या त्या कोपऱ्याकडे न्या. एका खोलीत एक ट्रे कमीच पडतो. झोपायच्या बिळाजवळ एक आणि बाहेर फिरायच्या जागेत निदान एक असे दोन धरून चाला. ट्रे गॅरेजमध्ये किंवा गार तळघरात ठेवला तर हिवाळ्यात तो जाणार नाही. तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की फेनेकला हुडहुडी भरते.

गादी, सोफा आणि लपवलेला खाऊ

गादीबद्दलची तक्रार वेगळी काढावी लागते. मऊ, उंच आणि तुमच्या वासाने भरलेली जागा म्हणजे त्याच्यासाठी खूण करायला पहिल्या प्रतीची जागा. इथे शिस्तीपेक्षा दार बंद ठेवणं जास्त कामाचं. बेडरूम त्याच्यासाठी बंदच ठेवा. जमत नसेल तर गादीला चारी बाजूंनी चेन असलेलं जलरोधक कव्हर घाला आणि दिवसा वर शॉवरचा प्लास्टिकचा पडदा अंथरा. जमिनीवरच्या गाद्या, सतरंज्या, बैठकीतल्या उशा आणि धुवायच्या कपड्यांचा ढीग उचलून ठेवा.

एका कारणाकडे जवळजवळ कुणाचं लक्ष जात नाही. फेनेक उरलेलं खाणं लपवतो. लाल खोकडांवरच्या अभ्यासात दिसलंय की साठा खाऊन संपला की ते त्या रिकाम्या जागेवर शू करतात, म्हणजे पुन्हा तिथे शोधत बसावं लागत नाही. फेनेकच्या घरातही सोफ्याच्या उशांमागे, उशीच्या अभ्र्यात, बुटात आधी किडा किंवा मांसाचा तुकडा सापडतो आणि मागून शू सापडते. तेव्हा खाणं फक्त त्याच्या कोठडीत किंवा टाइलच्या खोलीत द्या, वीस-पंचवीस मिनिटांनी उरलेलं उचला आणि तोंडात घास घेऊन त्याला बैठकीत येऊ देऊ नका. मीलवर्म (खाऊ म्हणून द्यायच्या अळ्या) किंवा नाकतोडे हातून एकेक द्या, वाटीभर ठेवू नका. सोफ्यातल्या फटी आठवड्यातून एकदा रिकाम्या करा. एवढ्यानेच सोफ्याची तक्रार थांबलेली घरं आहेत.

सवय पुन्हा लावणं

वास निघाला, ट्रे नीट झाला, मगच हे. साधारण तीन आठवडे धरा. त्याला धुता येणारी जमीन असलेल्या छोट्या जागेत ठेवा. दोन बाय दीड मीटर पुरे, पण वरून बंद हवी, कारण फेनेक स्वतःच्या लांबीच्या मानाने फार उंच उडी मारतो. आत झोपायचा डबा, पाणी आणि दोन कोपऱ्यांत दोन ट्रे. संध्याकाळी तो उठला की लगेच सोडू नका. उठल्यावर थोड्या वेळात तो शू करतोच. ट्रेमध्ये केली की त्याच क्षणी एक मीलवर्म आणि दार उघडं. बाहेरचा वेळ आधी अर्धा तास, मग परत आत, पुन्हा ट्रे, पुन्हा बाहेर. एक आठवडा बाहेर डाग पडला नाही तर वेळ दुप्पट करा आणि एक खोली वाढवा. डाग पडला तर एक पायरी मागे, रागावणं नाही. नाक घासणं, ओरडणं, मानेला धरणं यातून तो एवढंच शिकतो की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग तो सोफ्यामागे जाऊन करतो.

जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवा, संध्याकाळी एक आणि रात्री उशिरा एक, म्हणजे शीची वेळही ठरते. पाणी मात्र कधीच कमी करू नका. 'वाळवंटातला आहे, चालेल' हा हिशेब घरात चुकतो. कोरडं खाणं खाणाऱ्या फेनेकला पाणी कमी पडलं की लघवी आणखी घट्ट होते आणि खड्यांना वाट मिळते.

हिवाळ्यात वाढणारी खूण

फेनेकचा विणीचा काळ सहारात जानेवारी-फेब्रुवारीचा. या काळात नर लघवीने हद्द आखतो आणि चिडकाही होतो. घरातल्या दिव्यांमुळे वेळ पुढे-मागे होते, पण हिवाळ्यात शिंतोडे वाढले आणि उन्हाळ्यात ओसरले असा नमुना वहीत दिसला तर कारण हेच. नसबंदीने खूण बऱ्याच अंशी कमी होते, थांबेलच असं नाही. वर्ष-दोन वर्षं मुरलेली सवय शस्त्रक्रियेने जात नाही, म्हणून करायची तर लवकर. त्यानंतरही हार्मोन ओसरायला काही आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी निकाल मागू नका. एवढ्याशा शरीराला भूल देताना तापमान आणि रक्तातली साखर दोन्ही पटकन खाली येतात. आधी किती तास उपाशी ठेवायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, कुत्र्याचा नियम लावू नका. लहान विदेशी प्राण्यांना भूल देण्याचा अनुभव आहे का, हेही सरळ विचारा.

दुसरा फेनेक आणला की खुणा वाढतात. एकटेपणासाठी जोडीदार हा विचार ठीक आहे, पण ही तक्रार चालू असताना तरी तो नको.

घाबरून होणारी शू

दहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीचे कान वाळूखालच्या किड्याची हालचाल टिपतात, मग कुकरच्या शिट्टीने त्याचं काय होत असेल? स्वयंपाकघराला लागून त्याची खोली असेल तर संध्याकाळी नेमका तो उठायच्या वेळेला कुकर, मिक्सर आणि फोडणीचा खकाणा एकदम सुरू होतो. ट्रे त्या बाजूला असेल तर तो तिकडे फिरकत नाही. ट्रे दुसऱ्या भिंतीला न्या किंवा कुकर तो झोपेत असताना, दुपारीच लावा. वॉशिंग मशीन आणि हीटरच्या शेजारीही ट्रे नको. अमेरिकेत चार जुलैच्या आतषबाजीच्या आठवड्यात नवे डाग पडले तर सवय मोडली असं समजून सगळं पहिल्यापासून सुरू करू नका. डाग एन्झाइमने धुवा, त्याला आतल्या खोलीत ठेवा, चार दिवस थांबा.

कागदपत्रांचं थोडक्यात

डॉक्टरकडे जाताना प्राणी कायदेशीर आहे का हा प्रश्न येतोच. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे. कॅलिफोर्नियात पाळायला बंदी. न्यूयॉर्क राज्याच्या वन्यप्राण्यांच्या व्याख्येतून फेनेकला नावानिशी वगळलंय, पण न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य संहितेने बंदी घातलीय. भारतात हा प्राणी हौसेने आणायचा नाही. फेनेक साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये समावेश झाला आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंद सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर करावी लागते. आयातीच्या परवान्याशिवाय कुणी 'पिल्लू मिळवून देतो' म्हणत असेल तर ती तस्करी आहे.

पुन्हा सुरू झालं तर

तीन महिन्यांनी एखादा डाग सापडला तर सगळी मोहीम परत काढू नका. आधी त्याच आठवड्यात घरात काय बदललं ते बघा: नवा गालिचा, पाहुण्यांची बॅग, दुसऱ्या ब्रँडची वाळू, शेजारच्यांचा नवा कुत्रा. बाहेरून आलेल्या बॅगा आणि बूट कपाटात टाका, एवढ्यानेही बऱ्याचदा भागतं. दोन दिवसांत दुसरा डाग पडला किंवा तो ट्रेमध्ये जास्त वेळ बसलेला दिसला तर लघवीचा नमुना द्या, मागचा अहवाल चांगला असला तरी. घरात काही बदललेलं नसेल आणि अहवालही ठीक असेल तर ट्रे उलटा करून तळ बघा. वर्षभर उकरून प्लास्टिकवर खोल ओरखडे पडतात, त्यांत लघवी मुरते आणि कितीही धुतलं तरी वास जात नाही. असा डबा खणायच्या पेटीसाठीही वापरू नका. नवा कापा, जुन्यातली मूठभर वाळू त्यात टाका आणि अगदी त्याच जागी ठेवा.